हेडलाइटसाठी बीप, बाळासाठी शांतता

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा त्याचा लेखी अवतार. बोलतानाचं अं-अं काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगतो. आजचा विषय लहान मुलांच्या मृत्यूचा आहे. आज नको असेल तर खुशाल पुढे जा, मागच्या आठवड्याचा एपिसोड हलकाफुलका आहे.

सुरुवात मात्र लझान्याच्या एका ट्रेपासून. लझान्या म्हणजे चीज आणि सॉसचे थर लावून भाजलेला तो इटालियन प्रकार. अमेरिकेत निसान कंपनीत मार्लीन मेंडोझा नावाची इंजिनिअर होती. पहिलं मूल पोटात होतं. एके दिवशी तिने लझान्याचा ट्रे गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि विसरली. रात्रभर तो तिथेच. दुसऱ्या दिवशी गाडीत जो काय वास सुटला होता तो सोडा, पण तिच्या डोक्यात एक प्रश्न आला आणि तो जाईना. उद्या त्याच सीटवर माझं बाळ असलं तर?

मेंडोझा आणि तिची सहकारी एल्सा फोली, दोघींनी मिळून त्यावर उपाय बनवला. गाडी सुरू करण्याआधी मागचं दार उघडलं होतं का, हे गाडी लक्षात ठेवते. गाडी बंद केल्यावर तुम्ही मागचं दार पुन्हा उघडलं नाहीत, तर आधी समोर मेसेज येतो आणि तरीही तुम्ही निघून गेलात तर हॉर्न वाजतो. 2018 च्या पाथफाइंडर मॉडेलमध्ये हे आलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कौतुक वाटायच्या आधी राग आला. कारण यात नवीन काय आहे? दाराला स्विच असतो. दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो त्याच स्विचमुळे, आणि हे कित्येक दशकांपासून आहे. उरलं काय, तर दोन-चार ओळींचं लॉजिक. चावी विसरलात की गाडी बीप करते. हेडलाइट चालू राहिले की बीप करते. बेल्ट लावला नाही की बीप करते. मग मागे बाळ आहे हे आठवून द्यायला 2017 का उजाडावं लागलं?

आजचा एपिसोड या एका प्रश्नाचा आहे.

आधी, बाळ मागच्या सीटवर गेलं कसं? 1980 च्या दशकात अमेरिकेत आईबाप बाळाला सर्रास पुढे, स्वतःच्या शेजारी बसवायचे. मग एअरबॅग आल्या. 1991 मध्ये कायदा झाला आणि 1998 च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग बंधनकारक झाली. आता एअरबॅग म्हणजे मऊ उशी नव्हे. ती ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते. मोठ्या माणसाला ती वाचवते, पण पुढच्या सीटवरच्या लहान मुलाला त्याच दणक्याने मारू शकते. 1990 च्या दशकात अशी डझनावारी मुलं गेली, काही तर अगदी किरकोळ धडकेत. त्यामुळे देशभर मोहीम झाली: मुलांना मागे बसवा, आणि तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून लावा.

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. एअरबॅगने होणारे मुलांचे मृत्यू धाडकन खाली आले. पण त्याच काळात दुसरा एक आकडा वर जायला लागला, कारण बाळ आता ड्रायव्हरच्या नजरेआड गेलं होतं. मागे तोंड केलेली सीट पुढून बघितली की भरलेली असो वा रिकामी, सारखीच दिसते. त्यात बाळ झोपलं की संपलंच, आवाजही नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचे हवामानतज्ज्ञ जॅन नल हे 1998 पासूनची अशी प्रत्येक घटना नोंदवत आलेत. एकट्या अमेरिकेत तेव्हापासून हजाराहून जास्त मुलं गाडीतल्या उष्णतेने गेली. सरासरी वर्षाला 37 च्या आसपास. 2018 आणि 2019 ही दोन वर्षं सगळ्यात वाईट, दोन्हींत पन्नासहून जास्त. यातली निम्म्याहून थोडी जास्त मुलं गाडीत विसरली गेलेली. साधारण पाव हिस्सा मुलं खेळता खेळता स्वतःच गाडीत शिरलेली. उरलेली जाणूनबुजून ठेवलेली, 'दोन मिनिटांत येतो' वाली. हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

'दोन मिनिटां'चं गणितही नल यांनीच केलं. 2005 मध्ये दोन डॉक्टरांबरोबर त्यांनी प्रयोग छापला. बाहेरचं तापमान 22 ते 36 अंश सेल्सियसच्या मधलं, म्हणजे काही दिवस तर चक्क सुखद. तरीही बंद गाडीत तासाभरात पारा सरासरी 22 अंशांनी चढला, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी खाली ठेवून काहीही फरक पडला नाही. याचं कारण असं की ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, पण त्यांच्यातून निघणारी उष्णता काचेतून सहज बाहेर जात नाही. आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं.

आता तो प्रश्न, जो तुमच्या मनात एव्हाना आला असेलच. कुठला आईबाप स्वतःचं मूल विसरतो?

साउथ फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत डेव्हिड डायमंड नावाचे मेंदूशास्त्रज्ञ आहेत, स्मृती हा त्यांचा विषय. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगतो. आपल्या डोक्यात दोन वेगळ्या यंत्रणा चालतात. एक सवयीची: रोजचा रस्ता, रोजचं वळण, हात-पाय आपोआप चालतात. दुसरी 'पुढे काय करायचंय' हे धरून ठेवणारी: आज वाटेत दूध घ्यायचंय. तुम्ही कधी दूध घ्यायचं ठरवून निघालात आणि थेट घराच्या पार्किंगमध्ये बाइक लावलीत? तेव्हा पहिलीने दुसरीला दाबलेलं असतं. झोप झालेली नाही, डोक्याला ताप आहे, आणि नेहमीचा क्रम बदललाय, एवढं एकत्र आलं की हे व्हायची शक्यता वाढते. एरवी आई पाळणाघरात सोडते, आज बाबा सोडणार आहे. बाबाची गाडी सवयीने ऑफिसकडे वळते. आणि डायमंड सांगतात ती सगळ्यात भयंकर गोष्ट ही की मेंदू पुढे रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो. बाबाला दिवसभर खरोखर वाटत असतं की मूल पाळणाघरात आहे. संध्याकाळी काही जण मुलाला आणायला पाळणाघरात गेलेत, आणि मूल गाडीतच होतं.

या यंत्रणेला दूध आणि बाळ यातला फरक कळत नाही. प्रेमाचा इथे संबंधच येत नाही. वॉशिंग्टन पोस्टच्या जीन वाइनगार्टेन यांनी 2009 मध्ये अशा आईबापांवर मोठा लेख लिहिला, त्याला 2010 चं पुलित्झर मिळालं. त्यांना दिसलं की विसरणाऱ्यांत गरीब, श्रीमंत, शिकलेले, न शिकलेले, सगळेच होते. आणि साधारण सारख्याच घटनेत कुठे बापावर खटला भरला गेला, कुठे पोलिसांनी अपघात म्हणून सोडून दिलं. पूर्ण वाचायला मला तीन बैठका लागल्या.

2001 मध्ये व्हर्जिनियातल्या नासाच्या लँग्ली केंद्रात काम करणाऱ्या एका माणसाच्या बाबतीत हेच झालं. नऊ महिन्यांचा मुलगा. रोज त्याच पार्किंगमध्ये गाड्या लावणारे त्याचे सहकारी हादरले, आणि त्यातल्या तिघा इंजिनिअरांनी इंजिनिअर जे करतात ते केलं. विल्यम एडवर्ड्स, टेरी मॅक, एडवर्ड मॉडलिन. विमानांच्या चाचणीसाठी वापरलं जाणारं सेन्सर तंत्र घेऊन त्यांनी एक यंत्र बनवलं. चाइल्ड सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर, आणि चावीच्या जुडग्याला छोटा अलार्म. मूल सीटवर असताना तुम्ही गाडीपासून लांब गेलात की दहा बीप. मिनिटभरात परत नाही आलात तर सलग वाजत राहणार, आणि गाडीपाशी येऊन रीसेट केल्याशिवाय बंद होणार नाही.

नासाने 2002 मध्ये हे जाहीर केलं. म्हणजे लझान्याच्या पंधरा वर्षं आधी. यंत्र चालत होतं. पण कोणी कंपनी ते बाजारात आणायला पुढे आलीच नाही.

त्याच सुमारास, 2001 मध्ये, जनरल मोटर्सनेही जाहीर केलं होतं की कमी ऊर्जेच्या रडारने गाडीतल्या झोपलेल्या बाळाचा श्वाससुद्धा ओळखू, 2004 पर्यंत आणू. 2004 आलं आणि गेलं.

का? एक कारण कायद्याच्या भीतीचं. यंत्र विकलं आणि एखाद्या दिवशी ते वाजलंच नाही, तर कोर्टात कोण उभं राहणार? दुसरं कारण जास्त खोल आहे. नव्या आईबापाला दुकानात विचारा, 'तुम्ही बाळाला गाडीत विसरलात तर आठवण करून देणारं यंत्र हवंय का?' तो तुमच्याकडे कसा बघेल? ते विकत घेणं म्हणजे 'मी असा बाप असू शकतो' अशी कबुली देणं. त्यामुळे ज्याला त्याची गरज आहे तो ते कधीच घेणार नाही, कारण त्याला गरज आहे हे त्याला माहीतच नाही. प्रॉडक्ट बनवणाऱ्यांनो, असा ग्राहक कधी बघितलाय?

तुलना करायला एक गोष्ट सांगतो, ती मला फार महत्त्वाची वाटते. डिकीचं हँडल. 1995 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅनेट फेनेल आणि त्यांच्या नवऱ्याला लुटारूंनी स्वतःच्याच गाडीच्या डिकीत कोंडलं. ते वाचले. सुटल्यावर फेनेल बाईंनी ध्यासच घेतला की प्रत्येक डिकी आतून उघडता आली पाहिजे. त्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. मग 1998 च्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांत, तीन वेगवेगळ्या घटनांत, खेळताना डिकीत अडकून 11 मुलं गेली. त्यानंतर चक्रं फिरली. 2000 मध्ये नियम झाला आणि सप्टेंबर 2001 पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या कारच्या डिकीत आतून उघडणारं, अंधारात चमकणारं हँडल आलं. तीन वर्षांत काम फत्ते. कोणी ग्राहकाला विचारत बसलं नाही की 'तुमचं मूल डिकीत शिरेल असं वाटतं का हो?'

देश तोच, सरकारी खातं तेच, बळी मुलंच. फरक एवढाच की डिकीत खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत आपल्याला वाईट वाटतं, आणि विसरणाऱ्या बापाच्या बाबतीत आपल्याला राग येतो. ज्याचा राग येतो त्याच्यासाठी कोणी हँडल बसवत नाही.

पण सरकारी खात्याची एक अडचणही प्रामाणिकपणे सांगायला हवी. 1974 मध्ये त्यांचे हात चांगलेच पोळले होते. त्या वर्षीच्या मॉडेलमध्ये असं केलं होतं की पुढच्या सीटवर बसलेल्याने बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. कल्पना छान. पण सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी सेन्सरला तो माणूस वाटायचा. कुत्रा बसला तरी माणूस. पिशवीला बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलेना! लोक इतके भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून ही सक्तीच काढून टाकली, आणि वर बेल्टचा सक्तीचा बझर 8 सेकंदांच्या पुढे नेता येणार नाही अशी मर्यादा घातली. ती 2012 पर्यंत टिकली. गाडी माणसावर किती वेळ ओरडू शकते हे संसदेने ठरवलेलं, आहे ना भारी? पण खोटा अलार्म काय करतो ते मला माहीत आहे. ऑन-कॉल ड्यूटीवर रात्री चार खोटे अलर्ट आले की पाचवा खरा असला तरी हात आधी म्यूटकडे जातो.

मधल्या काळात बाहेरून विकत घेऊन लावायची यंत्रं येत राहिली. पॅड, क्लिप, चावीला लावायचे अलार्म. 2012 मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातल्या संशोधकांनी सरकारी खात्यासाठी त्यातली काही तपासली, आणि निकाल वाईट होता. मूल जरा कलंडलं की सेन्सरला दिसेना. दूध सांडलं की बिघाड. मोबाइल जवळ असला की सिग्नलमध्ये गोंधळ. ज्या यंत्राने वर्षातून एकदाच वाजायचंय आणि तेव्हा वाजलंच पाहिजे, त्याच्यासाठी हे चालत नाही. उलट माणूस त्याच्या भरवशावर राहतो. पुढे 2015 मध्ये एव्हनफ्लोची छातीच्या क्लिपमध्ये सेन्सर असलेली सीट आली, 2016 मध्ये वेझ ॲपने आठवण देण्याची सोय केली. पण ज्याने स्वतःहून सेटिंगमध्ये जाऊन ते चालू केलं, त्याला धोका आधीच मान्य होता.

म्हणून मला दाराच्या स्विचचं लॉजिक हुशार वाटतं. ते बाळ शोधतच नाही. 2016 मध्ये जनरल मोटर्सने ते जाहीर केलं, निसानच्या आधी, 2017 च्या अकेडिया मॉडेलसाठी. गाडी सुरू करण्याच्या आधीच्या दहा मिनिटांत किंवा गाडी सुरू असताना मागचं दार उघडझाप झालं असेल, तर गाडी बंद केल्यावर पाच वेळा टुंग आणि 'मागची सीट बघा' असा मेसेज. बाळ असो, लॅपटॉपची बॅग असो, लझान्या असो. ते तुम्हाला वाईट आईबाप म्हणत नाही, कोणालाही वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. लाज वाटण्याचा प्रश्नच त्यांनी काढून टाकला. 2019 मध्ये 20 कंपन्यांनी मिळून जाहीर केलं की 2025 च्या मॉडेलपर्यंत जवळपास सगळ्या गाड्यांत असं काहीतरी देऊ.

त्यातली भोकं मात्र मोठी आहेत. वाटेत पेट्रोल भरायला थांबलात तेव्हा गाडी वाजली, तुम्ही 'हो हो' म्हणत गाडी परत सुरू केली. आता मागचं दार नव्याने उघडलेलंच नाही, त्यामुळे पुढच्या थांब्याला कदाचित शांतता. आणि मूल स्वतःच उभ्या गाडीत शिरलं असेल तर हे सगळं बिनकामाचं.

इटलीने दुसरा रस्ता धरला. 2018 मध्ये कायदा केला आणि नोव्हेंबर 2019 पासून चार वर्षांखालच्या मुलाला गाडीतून नेताना विसरू नये म्हणून अलार्म देणारं यंत्र सक्तीचं केलं. नसेल तर दंड आणि परवान्यावरचे 5 गुण वजा. सरकारने यंत्र घ्यायला 30 युरोंची मदतही दिली. 'तुम्ही विसराल का' हा प्रश्नच नाही, हेल्मेटसारखं सगळ्यांनी घ्यायचं.

आणि आता ते रडार, जे 2004 ला येणार होतं. गाडीच्या छतात बसवलेलं, 60 गिगाहर्ट्झचं. त्याच्या लाटेची लांबी साधारण 5 मिलिमीटर. बाळाची छाती श्वासाने 1 मिलिमीटर हलली तर लाटेचं जाऊन-येऊन अंतर 2 मिलिमीटरने बदलतं. 5 मिलिमीटरच्या लाटेला हा फरक चांगलाच जाणवतो. पांघरूण असलं तरी ती आरपार जाते, आणि कॅमेरा नसल्यामुळे फोटोबिटोची भानगड नाही. किराण्याची पिशवी श्वास घेत नाही, त्यामुळे 1974 ची फजितीही नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2021 मध्ये काही कंपन्यांना गाडीच्या आत ही फ्रिक्वेन्सी वापरायला सूट दिली. युरोपात गाड्यांना स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने 2023 पासून याला गुण द्यायला सुरुवात केली, आणि 2025 पासून दाराच्या लॉजिकला गुण नाहीत, मूल खरंच ओळखणाऱ्या यंत्रालाच आहेत. व्होल्वोच्या ईएक्स 90 मध्ये असं रडार आहे. आत कोणी असेल तर गाडी लॉक करू देत नाही आणि एसी चालू ठेवू शकते.

अमेरिकेत नोव्हेंबर 2021 मध्ये पायाभूत सुविधांच्या भल्या मोठ्या कायद्यात एक कलम घुसवलं गेलं: दोन वर्षांत मागच्या सीटच्या अलार्मचा नियम करा. कलमात फक्त आवाज आणि दिसणारी सूचना मागितली आहे, मूल ओळखणं नाही. नोव्हेंबर 2023 ची मुदत उलटून गेली, नियम आला नाही.

आपल्याकडचं एक सांगतो आणि थांबतो. एप्रिल 2024 मध्ये मुंबईत अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची दोन भावंडं खेळायला म्हणून गेली आणि उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे कोणी विसरलं असा प्रश्न नाही. दाराचं लॉजिक इथे कामाचं नाही, इटलीचा कायदाही नाही. आणि आपल्या गल्ल्यांमध्ये महिनोन्महिने धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये बॅटरीत जीवच नसतो, तिथे रडारही आंधळंच. अशा गाडीत चालेल अशी एकच गोष्ट मला सुचते, आतून उघडणारं दार. पण मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर तेही मुलाला उघडत नाही. पुढच्या सीटवर चढून पुढचं दार उघडावं लागतं, आणि हे मुलाला कोणीतरी आधी शिकवलेलं असावं लागतं.

माझी पुतणी साडेचार वर्षांची आहे. एपिसोड रेकॉर्ड करायच्या आदल्या रविवारी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सावलीत, सगळी दारं उघडी ठेवून तिला हेच शिकवलं. मागून पुढे कसं चढायचं, हॉर्न कुठे असतो, तो दोन्ही हातांनी कसा दाबायचा. तिला खेळ वाटला. तिसऱ्या मजल्यावरचे काका ओरडेपर्यंत ती हॉर्न वाजवत होती.